पेतेलोचा वाटा

पंचांनी माशाला माशाचा वाटा द्यायचं ठरवलं त्या सकाळी साकालिया सभाघरातल्या चटईवरून ताडकन उठला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांना जमेल तेवढा ताडकन, आणि म्हणाला, "तुमची डोकी ठिकाणावर आहेत का?"

टोकेलाऊच्या तीन बेटांपैकी हे कुठलं बेट ते मी सांगणार नाही. उरलेली दोन बेटं आम्हाला आधीच पुष्कळ हसतात.

साकालिया आमचा वाटणीवाला. होड्या कुपा मासा घेऊन प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीतून आत आल्या की सगळी मासळी सभाघरासमोर ओतायची आणि साकालियानं घराघराच्या नावानं ढीग लावायचे. डोई एक वाटा. काल जन्मलेल्या बाळाला जेवढा, तेवढाच सरपंचाला. मासा कुणी धरला याला काडीची किंमत नाही. बेटावर आहे का, एवढंच बघायचं. सामोआहून आलेला मास्तर, नर्सबाई, जहाज चुकलेला पाहुणा, बेटावर आहे ना, मग त्याला वाटा. नाही, तर नाही. एकतीस वर्षं साकालिया हे काम करत होता आणि एकदाही एक मासा इकडचा तिकडे झाला नव्हता. त्याची आई दुपारी वारली आणि संध्याकाळी होड्या आल्या, तेव्हा आईचा वाटा त्यानं स्वतःच्या हातानं कमी केला आणि मग घरी जाऊन ढसाढसा रडला.

"अरे, बस खाली," सरपंच इओहेफो म्हणाला. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे एकमेकांचं कधीच ऐकत नसत. "गावाचं काम करतो त्याला वाटा मिळतो की नाही?"

"मिळतो."

"बेटावर असतो त्याला मिळतो की नाही?"

"मिळतो. माणसाला!"

"माणसालाच, असं कुठं म्हटलंय?"

साकालियानं आठवून बघितलं. तसं कुठंच म्हटलेलं नव्हतं. इतक्या पिढ्यांत कुणाला म्हणायची वेळच आली नव्हती.

हे सगळं लितियामुळे झालं. लितिया सुवा शहरातली, माशांवर शिकून डॉक्टर झालेली. आठ महिन्यांपूर्वी चार पेट्या आणि एक मोडकी छत्री घेऊन जहाजातून उतरली. गावातल्या पाणबुड्यांना बरोबर घेऊन तिनं खिंडीत आणि प्रवाळाच्या भिंतीला यंत्रं बांधली. गाव त्यांना 'कान' म्हणायला लागलं. मग वीस उलुआ मासे धरले, एकेकाच्या पोटात बोटाएवढी नळी घातली, टाके घातले आणि सोडून दिले. नळी टिकटिकते, कान ऐकतात, आणि कुठला मासा कुठल्या दिवशी कुठं हिंडत होता ते कळतं. त्यावरून खिंडीत कुठल्या महिन्यांत जाळं टाकायचं नाही हे गावानं आणि लितियाच्या कचेरीनं मिळून ठरवायचं होतं. काम चांगलं होतं. म्हातारे आपल्या आजोबांकडून ऐकलेलं सांगायचे, लितिया यंत्राचं सांगायची, आणि दोन्ही जुळलं की सगळे खूश होऊन चहा प्यायचे.

अडचण एवढीच झाली की वीसपैकी अकरा मासे पहिल्या महिन्यातच वाटणीला आले. नळ्या रश्श्यात सापडल्या. पाद्रीबुवांचा एक दात गेला. आठ मासे कुठं पसार झाले देव जाणे. उरला एक. कमरेएवढा थोराड उलुआ, डाव्या डोळ्यावर जुना व्रण, रोज सकाळी खिंडीतून बाहेर आणि संध्याकाळी आत. दोनशे दिवसांत त्यानं एकदाही दांडी मारली नव्हती. मास्तरांनी हे शाळेत मुलांना सांगितलं, तेव्हा मुलांनी मास्तरांचे खाडे मोजून दाखवले.

"तर हा एकटा सगळ्या गावाचं काम ओढतोय," इओहेफो म्हणाला, "आणि आपण त्याला चिमूटभर मीठसुद्धा देत नाही. लाज वाटली पाहिजे."

पंचांना खरोखरच लाज वाटली. आमची माणसं तशी पटकन लाजतात. ठराव झाला. वाट्याला नाव लागतं म्हणून माशाचं नाव पेतेलो ठेवलं, मासेमारांच्या संताचं. पाद्रीबुवांनी बाप्तिस्मा द्यायला नकार दिला, पण फार जोरात नाही. दात गेल्यापासून त्यांचा आवाजच बसला होता.

"आता घर," इओहेफो म्हणाला. "ढीग घरांच्या नावानं लागतात. पेतेलोचं घर कुठलं धरायचं?"

कुणीतरी म्हणालं, "साकालियाच्या घरात एक जागा रिकामी आहे की."

पंच एकदम आपापल्या चटया नीट करायला लागले. साकालियाच्या घरातली रिकामी जागा त्याच्या बायकोची होती, आणि तिचं नाव त्याच्यासमोर चारचौघांत घ्यायची कुणाची छाती नव्हती.

तेलेहिया दोन वर्षांपूर्वी खुब्याच्या ऑपरेशनला वेलिंग्टनला गेली. सहा आठवड्यांची गोष्ट होती. पडावानं तिला खिंडीतून बाहेर नेलं, दोरीनं ओढून जहाजावर चढवलं, आणि जहाज माल चढेपर्यंत भिंतीबाहेर थांबलं. नेमक्या तेवढ्यात होड्या मासळी घेऊन आल्या. साकालियानं ढीग लावले. तेलेहियानं जहाजावरच्या खलाशाकडून दुर्बीण मागून घेतली, आपल्या घराचा ढीग बघितला, आणि तिला तिथं एकच मासा दिसला.

"अरे मेल्या! अजून माझी पाठसुद्धा वळली नाही रे!" ती ओरडली. तिचा आवाज मूळचाच मोठा. त्या दिवशी तो लाटांवरून, भिंतीवरून, माडांवरून आला आणि सगळ्या गावानं ऐकला. साकालियानंही ऐकला. पण तोवर त्यानं पुढच्या घराचा ढीग मांडायला घेतला होता.

ऑपरेशन छान झालं. तेलेहिया परत आली नाही. मुलीकडे राहिली. दर रविवारी प्रार्थनेनंतर ती आपल्या धाकट्या बहिणीला, लुहियाला, फोन करायची. लुहिया म्हणजे बायकांच्या मंडळाची मुख्य, तिला सांगितलं की गावाला सांगितल्यासारखंच. तेलेहियाचा निरोप दर रविवारी तोच: "त्या गावात मी मोजली जात नाही ना? मग मी येत नाही. माझा वाटा मांडू दे त्याला, मग बघू."

आणि साकालियाचं उत्तरही तेच: "बेटावर आली की मांडतो."

दोघांचंही बरोबर होतं, आणि त्यामुळे दोघांचेही हाल चालले होते. साकालियाला तिची आठवण यायची. सकाळी यायची, जेवताना यायची, छप्पर गळायला लागलं की फार यायची, कारण छपरावरून ती त्याला पोटभर बोलायची आणि मग तो ते शाकारायचा. आता कुणी बोलत नव्हतं आणि छप्पर तसंच गळत होतं. एकदाच तिनं येऊन दारात उभं राहावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण वाटणी चुकवून? ते कसं जमायचं!

तर पेतेलो साकालियाच्याच घरात, असा पंचांचा ठराव झाला, आणि ठराव झाल्यावर साकालिया कुणाचं वाईट बोलत नसे. पुढच्या वाटणीला त्यानं आपल्या घराचा ढीग लावला आणि हाक दिली, "साकालिया, एक. पेतेलो, एक." त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

लुहियानं फोनवर त्याचा फोटो काढला. रविवारी वेलिंग्टनहून निरोप आला, आणि या वेळी तो नवा होता.

"दाजी, ताई म्हणाली," लुहिया दारात उभी राहून सांगू लागली. तिला बहिणीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता यायची आणि ती संधी ती सोडत नसे. "ताई म्हणाली, चाळीस वर्षं संसार केला, पाच पोरं काढली, आणि माझ्या जागेवर मासा? इथं खाटेवर मरेन, पण त्या बेटावर पाय ठेवणार नाही."

"मी नाही ठेवला गं, पंचांनी ठेवला!"

"मांडला कुणी?"



आता पेतेलोचा वाटा पोचवायचा कसा? साकालियानं पहिला कुपा नेऊन खिंडीच्या पायऱ्यांवरून पाण्यात टाकला, तर लितिया छत्री टाकून धावत आली.

"आजोबा, पाया पडते, त्याला खायला घालू नका! तुम्ही रोज घातलंत तर तो तुमच्यासाठीच इथं राहील. मग माझ्या नोंदींना काय अर्थ राहिला? मासा खिंडीत का राहतो, तर म्हणे सरकारी शिधा मिळतो म्हणून!"

"मग जाऊन पंचांना सांग."

लितियानं पंचांना सांगितलं. पंचांनी डोकी खाजवली. दिलेला वाटा परत घेता येत नाही, आणि घालता तर येत नाही. शेवटी असं ठरलं की वाटा पेतेलोच्या नावानं जपून ठेवावा. तेव्हापासून साकालिया पेतेलोचा मासा चिरून, मीठ लावून घरात दोरीवर वाळत घालायला लागला. आणि रोज संध्याकाळी पायऱ्यांवर बसून त्याला हिशेब द्यायला लागला, कारण ज्याचा वाटा आहे त्याला कळायला नको?

"आज लहान मासा होता हं," तो पाण्याकडे बघून म्हणायचा. "सगळ्यांनाच लहान आले. तुझ्यावर अन्याय नाही केलेला."

व्रणवाला डोळा पाण्यातून वर बघायचा आणि निघून जायचा. हळूहळू साकालिया त्याच्याशी दुसरंही बोलायला लागला. छपराचं, गुडघ्यांचं, इओहेफोच्या मूर्खपणाचं. एकदा त्यानं तेलेहियाबद्दल सांगितलं. मासा त्या दिवशी जरा जास्त वेळ थांबला असं साकालियाला वाटलं. लितियाच्या यंत्रात बघितलं, तर चार मिनिटं जास्त थांबला होता.

मग पौर्णिमा आली आणि पेतेलो गेला.

एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. खिंडीतले कान मुके झाले. साकालिया रोज संध्याकाळी पायऱ्यांवर बसायचा आणि उठायचा. अकराव्या दिवशी होड्या आल्या, तेव्हा त्यानं आपल्या घराचा ढीग लावला आणि म्हणाला, "साकालिया, एक. पेतेलो, नाही."

"नाही कसा?" इओहेफो गर्दीतून पुढं आला. "ठराव झालाय!"

"बेटावर नाही. मग वाटा नाही. तुलाही नसता, तू नसतास तर."

"अरे, तो वाटेवर असेल! लितिया, सांग याला."

लितिया पुढं आली. "आजोबा, ते या दिवसांत जातातच. अंडी घालायला लांब जातात, महिना-दीड महिना, आणि मग आपल्याच खिंडीत परत येतात. पेतेलो इथलाच आहे."

"ऐकलंस?" इओहेफो छाती फुगवून सगळ्या गावाकडे वळला. सरपंचाला मोठ्यानं बोलायची संधी मिळाली की तो जरा जास्तच बोलतो. "नुसता गेला म्हणजे निघून गेला असं होत नाही! जो परत येणार आहे, त्याचा वाटा काढत नाहीत. हा आजपासून नियम!"

साकालियाच्या हातातला कुपा खाली पडला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"जो परत येणार आहे त्याचा वाटा काढत नाहीत."

"सगळ्यांनी ऐकलं?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. साकालिया दोन पावलं पुढं आला. "मग तेलेहियाचा वाटा मांडू?"

गावातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकतीस वर्षांत साकालियानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तर ते असं चारचौघांत, ओल्या हातांनी.

पंच तिथंच चटया टाकून बसले. बराच खल झाला. पेतेलो परत येणार हे यंत्रावरून कळतं, तेलेहियाचं काय? तिच्या पोटात नळी कुठं आहे? शेवटी लितिया म्हणाली, तिला बोलता येतं, तिलाच विचारा ना. लुहियानं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"तेलेहिया," इओहेफो घसा साफ करून म्हणाला, "मी सरपंच बोलतोय. पंच बसलेत. तू परत येणार आहेस का?"

"वाटा मांडला का त्यानं?" फोनमधून आवाज आला.

"आधी येणार म्हण, मग मांडतो."

"आधी मांडा, मग येणार म्हणते."

"अगं, आधी तू—"

"सरपंच, तुम्ही लहानपणी माझ्या काकाची होडी बुडवलीत, तेव्हाही आधी कोण बोलणार यावरच अडून बसला होतात." आणि फोन बंद.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण तेलेहिया बोलत होती ती चर्चच्या हॉलमधून, आणि तिच्या भोवती आमची तिकडं गेलेली सगळी माणसं बसलेली होती. बेटावर आम्ही तीनशेसुद्धा नाही, तिकडं हजारो. ज्यांना तिसऱ्या पिढीत खिंड कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक नव्हतं, तेही संध्याकाळपर्यंत परत येणार असल्याचं कळवायला लागले. दुसऱ्या दिवशी गावच्या कचेरीत यादी आली: तेराशे सेहेचाळीस नावं, सगळी परत येणारी, सगळी 'कधीतरी'. एकानं विचारलं होतं की त्याच्या कुत्र्यालाही येईल का. शेवटी तळटीप होती: वाटे साठवून ठेवावेत, वाळवलेले चालतील.

लितियानं कागदावर गणित मांडून दाखवलं. साध्या दिवसाची मासळी एवढ्या डोयांत वाटली, तर सहा डोयांत मिळून एक मासा. सगळ्यांना पुरवायचं म्हटलं, तर दोन वर्षांत खिंड रिकामी. आठ महिने ज्याच्यासाठी घाम गाळला ते सगळं पाण्यात.

इओहेफोनं पंचांना पुन्हा बोलावलं. त्याच दुपारी नवा ठराव झाला, आणि तो शुद्धीवर असलेल्या माणसांनी केला यावर आजही विश्वास बसत नाही: परत येणाऱ्याचा वाटा राखायचा हा नियम फक्त माशांना लागू.

"म्हणजे मासा गेला तर त्याचा वाटा राहील," साकालिया म्हणाला.

"हो."

"आणि माझी बायको गेली तर नाही."

"साकालिया, तूच तर एकतीस वर्षं हेच..." इओहेफो म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. होडी खरंच त्यानं बुडवली होती.

साकालिया घरी गेला. दोरीवरच्या वाळलेल्या कुप्यांखाली बसला आणि दोन दिवस उठला नाही. तिसऱ्या दिवशी होड्या आल्याचा शंख वाजला आणि तो उठून गेला, कारण वाटणी थांबत नाही.

सगळी घरं झाली. त्या दिवशी आपलं घर त्यानं शेवटाला ठेवलं होतं. त्यानं दोन मासे मांडले.

"पेतेलो, एक," त्यानं हाक दिली. "तेलेहिया, एक."

"थांब!" इओहेफो ओरडला. "हा कुणाचा कापलास?"

"कुणाचाच नाही. साकालिया, नाही."

"अरे, तू इथं उभा आहेस!"

"कोण म्हणतं?" साकालिया सरळ उभा राहिला. "दोन वर्षं तीन महिने मी इथं नाहीये, इओहेफो. सकाळी उठतो ते तिच्याशी भांडायला. चहा ओततो तो दोन कपांत. मी तिकडंच आहे, वेलिंग्टनला, मुलीच्या ओट्यावर, तिच्या शेजारी. इथं नुसते गुडघे राहिलेत; घरभर आहे ती तीच. बेटावर नाही त्याला वाटा नाही, हा नियम मी आजवर मोडलेला नाही आणि आजही मोडत नाही. लितिया, पोरी, लाव तुझे कान. बघ मी कुठं ऐकू येतो का."

लितियानं खरंच यंत्राची पेटी उघडली. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिनं बटणं दाबली, पडद्याकडे बघितलं आणि डोळे पुसले.

"नाही येत, आजोबा," ती म्हणाली. "कुठंच नाही."

यंत्रानं सांगितल्यावर पंच काय बोलणार? पंचांनीच त्या यंत्राच्या शब्दावर माशाला घर दिलं होतं. ढिगांची संख्या तीच राहिली, कुणाचं काही कमी झालं नाही, आणि एका माणसाला स्वतःला वगळायची बंदी कुठंच नव्हती.

त्या दिवसापासून साकालिया माशाशिवाय राहायला लागला. आमच्याकडे माशाशिवाय म्हणजे उपाशीच. नारळ, थोडी माडी, शेजाऱ्यांनी दिलेला नीरफणस. घरात दोन दोऱ्या झाल्या, एकीवर पेतेलोचे कुपे, दुसरीवर तेलेहियाचे, आणि मध्ये हा पोट खपाटीला गेलेला माणूस, एकालाही हात न लावता.

"दाजी, निदान ताईचा तरी खा," लुहिया रडकुंडीला येऊन म्हणाली. "ती काय म्हणणार आहे?"

"तो तिचा आहे," साकालिया म्हणाला.

रविवारी लुहियानं फोनवर सगळं सांगितलं. या वेळी तिनं कुणाचीच नक्कल केली नाही. 

"किती झाले माझे?" तेलेहियानं विचारलं.

"नऊ."

"मीठ नीट लावतोय का?"

"कुठलं गं. दोन कुजलेत."

"वाटलंच मला," तेलेहिया म्हणाली, आणि फोन ठेवला.

बुधवारी मुलीचा निरोप आला की आई विमानानं सामोआतल्या आपियाला निघाली, तिथून पुढच्या जहाजात बसेल, आणि कुणी काही बोलू नये.

जहाज आलं ते दुपारी. आधी पश्चिमेला नुसता एक ठिपका. आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच वेळी होड्याही आल्या, दोनशे नव्वद कुपे घेऊन. साकालिया ढीग लावायला बसला. एक डोळा माशांवर, एक ठिपक्यावर. तेवढ्यात सभाघरातून लितिया किंचाळली, "आला! पेतेलो आला! बाहेरच्या कानाला लागलाय!" आणि सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं.

साकालियाचं घर आलं.

"पेतेलो, एक," त्यानं हाक दिली. "तेलेहिया, एक." मग त्यानं तिसरा मासा ठेवला. "साकालिया, एक."

"अरे, ती अजून उतरली कुठं आहे?" इओहेफो सवयीनं म्हणाला. "जहाज केवढं लांब आहे!"

"दिसतंय ना," साकालिया म्हणाला. "मग आली."

बायको दिसतेय तोवर तिचा वाटा कमी करायचा नसतो, हे त्याला आधी कळायला हवं होतं. दोन वर्षं चार महिने उशीर झाला होता. त्याचे डोळे वाहत होते आणि पुढचे ढीग त्यानं तसेच, धड न बघता लावले. मासळी संपली आणि इओहेफोच्या घरापुढं एक कुपा कमी पडला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. इओहेफोनं आपला ढीग मोजला, पुन्हा मोजला, साकालियाकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे."

तोवर जहाज भिंतीबाहेर येऊन थांबलं होतं. लाटांवरून, भिंतीवरून, माडांवरून एक आवाज आला.

"त्या माशाचा कुपा माझ्यापेक्षा मोठा का रे?"

दुर्बीण कुणाच्या हातात आहे हे कुणी विचारलं नाही. लुहिया हसत हसत रडायला लागली. साकालियानं दोन्ही मासे उचलून शेजारी धरून बघितले. खरंच मोठा होता. त्यानं ते बदलले.

पडाव खिंडीतून आत आला, आणि लितिया शपथेवर सांगते की पेतेलो त्याच्या मागोमाग आला. साकालिया गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला होता. तेलेहियानं त्याचा हात धरला नाही. ती काठी टेकत, लंगडत, स्वतःच्या पायांनी वाळूवर आली, पदर सावरावा तसा गळ्यातला शिंपल्यांचा हार नीट केला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. तो किती वाळलाय ते तिनं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"हं," ती म्हणाली. "आता मोज."

"एक," साकालिया म्हणाला, आणि पुढचं त्याला काही मोजता आलं नाही.